जागा सोडून आलेली चार शिल्पं

दायमाबादवर माहितीपट करायचा म्हटलं की सगळ्यात आधी एक दृश्य हवंसं वाटतं, आणि नेमकं तेच कुणाकडे नाही. साल १९७४. प्रवरेच्या डाव्या काठावरची जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. छबू लक्ष्मण भिल नावाचा तिथला शेतकरी झाडाचं मूळ खणतो आहे. खणता खणता धातू लागतो आणि मातीतून चार वस्तू बाहेर येतात. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, एक रेडा, एक हत्ती, एक गेंडा. सगळं काम भरीव, ओतीव, मिळून साठ किलोंहून जड. त्या वेळी तिथे पुरातत्त्वाचा माणूस नव्हता, कॅमेरा नव्हता, मोजपट्टी नव्हती. शिल्पं एकमेकांना टेकून होती की ओळीनं मांडलेली होती, भोवतालची माती कोणत्या रंगाची होती, शेजारी खापरं होती का, राख होती का, यातलं काहीही जागच्या जागी टिपलं गेलं नाही. जाणकार पोहोचले तोवर वस्तूंनी आपली जागा सोडली होती.

गेली पन्नास वर्षं या चार शिल्पांच्या काळाबद्दल जो वाद चालू आहे, त्याचं मूळ या न टिपलेल्या थोड्या वेळात आहे. माझा माहितीपटही तिथेच सुरू होतो आणि तिथेच अडतो.

मी सुप्यात राहते. नगर-पुणे रस्त्यावरचं हे गाव आता एमआयडीसीमुळे आणि आसपासच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्यांमुळे लोकांना ठाऊक आहे. कारखान्यांसाठी सुरक्षेच्या फिल्म करणं आणि लग्नसराईत शूटिंग करणं हा माझा रोजगार. त्यातून जे उरतं ते माहितीपटात जातं. दायमाबाद आमच्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात आहे, आणि तरी जिल्ह्याच्या शाळांतून शिकलेल्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांना हडप्पा, मोहेंजोदडो पाठ आहेत, दायमाबाद नाही. हा राग माझ्या मनात फार वर्षांपासून आहे आणि फिल्म करायचं खरं कारण तोच. पण नुसत्या रागावर माहितीपट उभा राहत नाही, विशेषतः विषय वादातला असेल तेव्हा.

आधी त्या वस्तूंबद्दल. यांतली काही शिल्पं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काचेमागे पाहायला मिळतात, आणि पाहताना फोटोवरून मनात धरलेला आकार पार बदलतो. हत्ती पंचवीस सेंटिमीटर उंच आहे, गेंडा एकोणीस, रेडा एकतीस. मोहेंजोदडोची जगप्रसिद्ध नर्तकी साडेदहा सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या तळहातात मावेल एवढी. तिच्या शेजारी हा हत्ती ठेवला तर सिंधू संस्कृतीच्या धातुकामाबद्दलचे आपले सगळे अंदाज पुन्हा तपासावे लागतील. म्हणूनच तो त्या संस्कृतीचा आहे की नाही, या प्रश्नाला एवढं वजन आहे. रेड्याचा आणि गेंड्याचा खालचा भाग भरीव चाकांवर उभा आहे. हत्तीच्या पाटाखालची चाकं आता नाहीत, आस बसवण्याची सोय तेवढी दिसते. या प्राण्यांना कुणीतरी ओढत नेत असणार, हे बघताक्षणी कळतं. मिरवणुकीत, पूजेत की आणखी कशात, ते मात्र शिल्पं सांगत नाहीत.

रथ सगळ्यांत विलक्षण आहे. लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर, रुंदी सोळा, आणि त्यात उभा असलेला माणूस साधारण सोळा सेंटिमीटर उंच. दोन भरीव चाकं, जुवाला दोन बैल, आणि मधल्या लांब दांडीवर चक्क एक कुत्रा उभा. पारनेर तालुक्यात वाढलेल्या कुणालाही हा रथ पाहून शर्यतीचा छकडा आठवेल. तेवढाच हलका सांगाडा, हाकणारा उभाच्या उभा, सगळा भार पुढे बैलांकडे झेपावलेला. त्या माणसाच्या कमरेखाली नागफण्यांसारखे आकार आहेत. त्यावरून काही अभ्यासकांनी शिवाच्या आद्य रूपाशी नातं जोडलं, तर हत्ती, गेंडा आणि रेडा यांना मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध पशुपती मुद्रेवरच्या प्राण्यांशी ताडून पाहिलं गेलं. कल्पना मोहक आहे. पडद्यावर तर ती फारच मोहक दिसेल: एका बाजूला मुद्रा, दुसऱ्या बाजूला शिल्पं, मध्ये हळूच विरघळणारं दृश्य आणि खाली तानपुरा. असं दृश्य जोडणं दोन मिनिटांचं काम आहे. प्रेक्षकाला ते पुराव्यासारखं वाटेल आणि प्रत्यक्षात तो पुरावा नसेल. म्हणून हे दृश्य मी जोडणार नाही.

आता पांढरीबद्दल. दायमाबादची जागा १९५८ साली बी. पी. बोपर्डीकर यांनी शोधली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथे तीनदा उत्खनन केलं: १९५८-५९ मध्ये म. ना. देशपांडे यांच्या नेतृत्वाखाली, १९७४ मध्ये एस. आर. राव यांच्या, आणि १९७५-७६ ते १९७८-७९ या हंगामांत एस. ए. साळी यांच्या. राव म्हणजे गुजरातेतल्या लोथलचं उत्खनन करणारे. साळींचा सविस्तर अहवाल १९८६ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत आला आणि दायमाबादवर काहीही करायचं तर आजही सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते. एकावर एक पाच संस्कृतींचे थर तिथे मिळाले. सर्वांत खाली सावळदा, त्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, मग माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. इसवी सनापूर्वी सुमारे २२०० पासून सुमारे १००० पर्यंत, म्हणजे जवळजवळ बाराशे वर्षं, या एका टेकाडावर माणसं घरं बांधत, मडकी भाजत, धान्य साठवत आणि आपली मुलं पुरत राहिली. मुलांचं पुरणं मी मुद्दाम लिहिते आहे. जोर्वे काळात लहान मूल गेलं तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. नेवाशात, इनामगावात आणि दायमाबादमध्येही हेच दिसतं. दायमाबादची गोष्ट चार शिल्पांपुरती कधीच नव्हती, ती या घरांचीही आहे. शिल्पांच्या झगमगाटात घरं दिसेनाशी होतात आणि कॅमेरा तर झगमगाटाकडेच आधी वळतो.

उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या भाजक्या मातीच्या मुद्रा आणि अक्षरं कोरलेली खापरं मिळाली, कच्च्या विटांची एक कबर मिळाली. सिंधू संस्कृतीची पावलं इतक्या दक्षिणेला पोहोचल्याचा हा मोठा पुरावा. शिल्पं याच थरातली असावीत, असं देशपांडे, राव आणि साळी यांचं मत पडलं. त्यांचा आधार परिस्थितिजन्य होता: जागा, आजूबाजूचे थर, शिल्पांची घडण.

विरुद्ध बाजूला धर्मपाल अग्रवाल होते. ते धातूंच्या रासायनिक तपासणीतून बोलत होते. शिल्पांच्या धातूत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक निघालं. इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असं आर्सेनिकचं मिश्रण आढळलेलं नाही, तेव्हा शिल्पं बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातली असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. इथून वाद सुरू झाला. आणि तो खरोखर चांगला वाद आहे, कारण दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या विद्येत पारंगत होती आणि दोघांच्याही हातात काहीतरी ठोस होतं.

मला या वादात पडद्यावर मांडण्याजोगं खूप दिसतं. आर्सेनिकचंच घ्या. तांब्यात ते मुद्दाम मिसळता येतं आणि खनिजातून आपोआपही येतं. सिंधूच्या शहरांतल्या काही तांब्याच्या वस्तूंत आर्सेनिक आढळतं, हे माहीत असलेला प्रेक्षक विचारेल की मग ते हडप्पाकडे बोट दाखवतं की हडप्पापासून दूर? धातूच्या वजनाचंही तसंच. आपलं दख्खनचं पठार काळ्या बसाल्टचं आहे, इथे तांब्याची खाण नाही. जे काही तांबं आलं ते राजस्थान किंवा गुजरातकडून, लांबचा प्रवास करून आलं असणार. ताम्रपाषाणयुगात आपल्याकडे तांबं इतकं मोलाचं होतं की छोटी पाती, मणी, गळ, कुऱ्हाडी यांतच ते खर्ची पडत होतं. अशा काळात साठ किलो धातू चार शिल्पांत ओतणारा कोण होता? आणि शिल्पं नंतरची मानली, तरी प्रश्न सुटत नाही. ऐतिहासिक काळातल्या कोणत्या परंपरेत असा गेंडा, असा रथ, असा दांडीवरचा कुत्रा बसतो? त्या काळाला आपण चांगलं ओळखतो, आणि त्यातही यांचा सख्खा भाऊ सापडत नाही.

मग सरळ धातूचं वय का मोजत नाहीत, असा प्रश्न मला कायम विचारला जातो. कारण धातूचं वय मोजता येत नाही. कार्बन १४ ची पद्धत एके काळी जिवंत असलेल्या गोष्टींना चालते: लाकूड, कोळसा, हाड, धान्य. ओतकामात आतला गाभा मातीचा असेल, तर त्या भाजलेल्या मातीवरून वय काढता येतं. ही शिल्पं भरीव आहेत. शिशाच्या समस्थानिकांची तपासणी केली तर खनिज कुठल्या खाणीतलं असावं ते कळू शकतं, वस्तू कधी ओतली ते नाही. म्हणजे वय सांगू शकली असती ती भोवतालची माती, आणि मातीतला एखादा कोळशाचा तुकडा. वस्तू ज्या थरात होती तो थर तिच्या जन्माचा दाखला असतो. उत्खननात चर सरळ कापतात, मध्ये आडवे बांध ठेवतात, प्रत्येक थर वेगळा खरवडतात, माती चाळतात, खापराच्या तुकड्यावरही थराचा क्रमांक टाकतात. वरून बघणाऱ्याला हे वेळखाऊ वाटतं. त्याचं मोल दायमाबादसारख्या ठिकाणी कळतं.

छबू भिल यांना यात दोष देण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यामुळे ही शिल्पं आज आपल्यासमोर आहेत. शेतात मिळालेला धातू वितळवून विकला जाण्याच्या कितीतरी हकिगती महाराष्ट्रभर ऐकू येतात. इथे तसं झालं नाही. पुस्तकांत छबू भिल यांचं नाव शोधणारा म्हणून येतं आणि तिथेच संपतं. एवढ्या मोठ्या शोधाचा मुख्य साक्षीदार इतक्या थोडक्यात आटोपतो, हे मला फार टोचतं.

इथे फिल्म करणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. हरवलेलं दृश्य नव्यानं उभं करणं आज अगदी सोपं झालं आहे. एक नट, एक कुदळ, संध्याकाळचा तिरपा प्रकाश, आणि शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. आता तर नट आणि कुदळही लागत नाही, संगणकाला चार ओळी लिहून दिल्या की १९७४ ची प्रवरा वाहायला लागते. पण त्या दृश्यात मला ठरवावं लागेल की हत्ती किती खोल होता. हत्ती उभा होता की आडवा. माती काळी होती की पांढरट. ज्या गोष्टींवर जाणकारांचं पन्नास वर्षं एकमत झालेलं नाही, त्या मी एका दुपारी, प्रकाश जाण्याच्या घाईत ठरवून टाकीन. आणि माणसाचं डोकं असं आहे की पाहिलेलं चित्र निवेदनापेक्षा जास्त काळ टिकतं. खाली बारीक अक्षरात 'काल्पनिक दृश्य' लिहिलं तरी उद्या तेच चित्र व्हॉट्सअॅपवर त्या ओळीशिवाय फिरेल.

असं जगात घडतंय. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातल्या सिनौलीला २०१८ मध्ये उत्खननात तांब्यानं मढवलेल्या चाकांची वाहनं आणि शवपेट्या मिळाल्या. २०२१ मध्ये नीरज पांडे यांचा 'सीक्रेट्स ऑफ सिनौली' हा माहितीपट डिस्कव्हरी प्लसवर आला, मनोज बाजपेयी निवेदक. फिल्म उत्तम दिसते. तिच्यात ही वाहनं घोड्यांचे युद्धरथ म्हणून पुढे येतात. फिनलंडचे अभ्यासक आस्को पारपोला यांनी याआधीच, २०२० मध्ये, भरीव चाकांवरून ही बैलांची वाहनं असावीत असं मांडलं होतं. भरीव चाकं आणि बैल, म्हणजे नेमकी दायमाबादच्या रथाची मांडणी! हा रथ सिनौलीच्या चर्चेत यायलाच हवा. पण फिल्म पाहून उठलेल्या सर्वसामान्य माणसाच्या मनात घोडा दौडत असतो, आणि त्याच्यासाठी चर्चा तिथेच संपलेली असते.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. रायझिंग स्टार गुहेत २०१३ मध्ये होमो नलेदी या जुन्या मानवजातीची हाडं मिळाली. ली बर्गर यांच्या चमूनं २०२३ च्या जूनमध्ये दावा केला की हे लहान मेंदूचे मानव आपले मृत पुरत होते आणि भिंतींवर खुणा कोरत होते. पुढच्याच महिन्यात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. 'ईलाइफ' या नियतकालिकानं परीक्षकांची मतं प्रसिद्ध केली. पुरावा अपुरा आहे, असा त्यांचा सूर होता. आणि नेटफ्लिक्सवर 'अननोन: केव्ह ऑफ बोन्स' हा माहितीपट आला, ज्यात दफनाची गोष्ट सिद्ध झाल्याच्या थाटात सांगितली होती. पुढे चमूनं निबंध सुधारला, नवा पुरावा जोडला, चर्चा पुढे सरकली. शास्त्रात असंच व्हायला हवं. निबंधाची सुधारित आवृत्ती निघते, फिल्मची सहसा निघत नाही.

काळाबद्दलचा वाद आमच्या अंगणातही आहे. पारनेर तालुक्यातल्या निघोजचे रांजणखळगे पाहायला लोक लांबून येतात. ते ज्या कुकडी नदीनं कोरले, तिच्याच वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात बोरी आहे. बोरीत नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या संगतीनं अश्मयुगीन हत्यारं मिळाली. राखेचं वय कळलं की हत्यारांचं कळेल, म्हणून ती तपासली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं उत्तर होतं सुमारे चौदा लाख वर्षं. नंतरच्या एका मोजणीत ते पावणेसात लाखांच्या आसपास आलं. आणखी काही अभ्यासकांनी राखेच्या रसायनावरून सांगितलं की ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे जेमतेम पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची राख आहे. चौदा लाख आणि पंचाहत्तर हजार! भारतात माणूस कधी आला, या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांपैकी कोणता धरता यावर पूर्ण पालटतं. पण बोरीत निदान राख अजून नदीकाठी आहे. उद्या नवी पद्धत आली तर कुणीही जाऊन पुन्हा नमुना घेऊ शकतो. कोकणातल्या कातळशिल्पांचंही तेच. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत, पण शिल्पं जागेवर आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आली. दायमाबादच्या शिल्पांना परत त्या खड्ड्यात ठेवता येत नाही.

स्वतंत्रपणे फिल्म करण्याचा प्रश्न इथे येतो आणि त्याबद्दल थोडं स्पष्ट लिहायला हवं. पैसा देणाऱ्याला निष्कर्ष हवा असतो. ओटीटीला 'शतकातला सर्वांत मोठा शोध' हवा असतो, कुणाला आपल्या पूर्वजांचं मोठेपण हवं असतं, कुणाला दुसऱ्याच्या पूर्वजांचं खोटेपण. 'काळ अजून ठरलेला नाही' या वाक्यावर प्रायोजक मिळत नाही. एके काळी फिल्म्स डिव्हिजन होतं. १९४८ मध्ये सुरू झालं, चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी त्यांचे माहितीपट लागत, आणि त्यांत सरकारी सूर असला तरी एखाद्या शांत विषयाला तिथे जागा मिळायची. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं. मुंबईचा आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव १९९० पासून आहे. त्याच महोत्सवानं भारतीय फिल्मना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली तेव्हा २००४ मध्ये देशभरच्या माहितीपटकारांनी मिळून 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरवला. तो इतिहास माझ्यासारख्या गावाकडे बसून काम करणारीला मोठा आधार वाटतो. मोठं व्यासपीठ नाही मिळालं तर पडदा, प्रोजेक्टर आणि शाळेचं मैदान पुरतं, हे त्या माणसांनी दाखवून दिलं. लग्नाच्या शूटिंगवर चालणाऱ्या फिल्मचा एक फायदा आहे. तिला कुणालाच 'सर्वांत मोठा शोध' द्यावा लागत नाही.

मग दायमाबादची फिल्म नेमकं काय टिपणार? वादाच्या दोन्ही बाजूंचे अभ्यासक, अहवालातली चित्रं, संग्रहालय, नदी, हे तर येईलच. पण माझ्या मते कॅमेऱ्यानं आज तातडीनं करायचं काम वेगळं आहे, आणि ते पुरातत्त्वाच्या खात्यालाही सहज जमणारं नाही. उत्खनन अधिकाऱ्यांच्या नावानं ओळखलं जातं; माती मात्र आजूबाजूच्या गावांतली माणसं खणतात. चरात खुरप्यानं थर खरवडणारी, घमेली वाहणारी, चाळणीवर बसून माती चाळणारी. यांत बायका मोठ्या संख्येनं असतात आणि अहवालांत त्यांची नावं क्वचित येतात. साळींच्या शेवटच्या हंगामात जी मुलगी विशीची होती, ती आज पासष्टी ओलांडून गेली आहे. १९७४ मध्ये शिल्पं बाहेर आली तेव्हा बघ्यांच्या गर्दीत जी दहा वर्षांची पोरं असतील, ती साठीच्या घरात आहेत. हे साक्षीदार आपल्याला आणखी किती वर्षं लाभतील, याचा हिशोब कुणीही करू शकतो.

पन्नास वर्षांपूर्वीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. आठवण बदलते, दुसऱ्याच्या आठवणीत मिसळते, वर्तमानपत्रात वाचलेलं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटू लागतं. म्हणून ती नीट, काही नियम पाळून टिपायची. प्रत्येकाशी वेगळं बोलायचं, घोळक्यात नाही, कारण घोळक्यात सगळ्यांत मोठ्यानं बोलणाऱ्याची आठवण सगळ्यांची होते. घरी ओसरीवर बसवून नव्हे, पांढरीवर नेऊन विचारायचं. माणूस जागेवर गेला की पाय आपोआप एका दिशेला वळतात आणि ते वळणंही कॅमेऱ्यात यायला हवं. संग्रहालयातला शिल्पांचा फोटो आधी दाखवायचा नाही. फोटो पाहिल्यावर माणूस फोटोचंच वर्णन करतो. आणि 'हत्ती किती फूट खोल होता?' असं विचारायचंच नाही. त्याऐवजी झाडाबद्दल विचारायचं. बाभूळ होती की बोर? खोड केवढं होतं? मूळ जळणासाठी काढत होते की शेत मोकळं करायला? जळणासाठी माणूस हाताला येईल तेवढंच खणतो, शेत साफ करायचं तर मुळाच्या शेंड्यापर्यंत जातो. शेतकऱ्याला झाड आठवतं, फूट आठवत नाहीत. झाडावरून खोलीचा अंदाज मात्र निघू शकतो, आणि तो साळींच्या अहवालातल्या थरांशी ताडून पाहता येतो. त्यातून वाद मिटणार नाही. पण सध्या ज्या जागी नुसती पोकळी आहे, तिथे तोलून पाहण्याजोगं काहीतरी येईल.

बाजू कुठली घ्यायची, हेही लोक विचारतात. माझं मन उत्तर हडप्पाकडे झुकतं. तो गेंडा बघताना, ज्यानं तो घडवला त्यानं गेंडा रानात डोळ्यांनी पाहिला होता असं मला वाटतं, आणि सिंधूच्या मुद्रांवरचे गेंडे आठवतात. पण हे माझं मन झालं. अग्रवालांच्या आर्सेनिकला माझ्या मनाकडे उत्तर नाही. म्हणून त्यांचा मुद्दा फिल्ममध्ये शेवटी उरकून टाकायचा नाही. तो मध्यभागी ठेवायचा, पूर्ण वेळ द्यायचा, मागे संगीत नाही, आणि प्रेक्षकाला तो नीट समजेपर्यंत पुढे सरकायचं नाही.

एडिटमध्ये सगळ्यात अवघड होतं ते रिकाम्या जागेचं काय करायचं, हे. मूळ खणण्याच्या प्रसंगाला आत्ताच्या कच्च्या मांडणीत मी काळा पडदा ठेवला आहे. त्यावर अहवालांतून कळणारी तेवढीच माहिती साध्या आवाजात येते, आणि नंतर साक्षीदारांचे आवाज, एकामागून एक, एकमेकांशी न जुळणारे असले तरी तसेच. ज्यांना मी ही मांडणी दाखवली त्यांना तो काळा पडदा लांबला असं वाटलं. तो कमी करायचा नाही असं मी ठरवलं आहे.

सगळ्या मुलाखतींचं न कापलेलं चित्रण वेगळं जपायचं आहे, संमतिपत्रं आणि तारखांसकट, म्हणजे उद्याच्या एखाद्या संशोधकाला माझ्या एडिटवर विसंबून राहावं लागणार नाही. एक प्रत त्या गावातल्या शाळेत, एक पुण्यात डेक्कन कॉलेजसारख्या, जिथे या काळाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे अशा एखाद्या ठिकाणी, त्यांनी स्वीकारली तर. फिल्म तयार झाली की पहिला खेळ प्रवरेच्या काठीच लावायचा, ऊसतोड सुरू होण्याआधी, माणसं गावात असताना. खेळ संपल्यावर दिवे लावून माइक लोकांत फिरवायचा आणि कॅमेरा चालूच ठेवायचा. कुणी उठून म्हणालं की बाई, ते झाड तिथे नव्हतं, पलीकडे होतं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पलीकडे जायचं आणि एडिट पुन्हा उघडायचं.